ग्वाल्हेरच्या मेळ्यात रिंग, छर्रे आणि ग्लास: पहिल्यांदा खेळणाऱ्यासाठी

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ साली तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांनी सुरू केला तो गुरांचा मेळा म्हणून. आता रेसकोर्स रोडवरच्या त्या मैदानात कोणी गाडी बुक करायला येतं, कोणी रजई-गालिचा बघायला, कोणी नुसतं सॉफ्टी आणि खजला खायला. पोरं मात्र सरळ झूला सेक्टरकडे ओढतात. पाळण्यात बसायला काही यावं लागत नाही. तिकीट काढलं, बसलं, झालं. पाळण्यांच्या आजूबाजूला छर्ऱ्यांची, रिंगांची, ग्लास पाडायची जी दुकानं लागतात, तिथे थोडं काही यावं लागतं. हे लिखाण त्या दुकानांपुरतं.

मेळ्याचं उद्घाटन झालं म्हणून त्याच आठवड्यात धावू नका. पहिले काही दिवस अर्ध्या दुकानांचे नुसते बांबूच उभे असतात. सगळं नीट लागलं की सोमवार ते गुरुवारची संध्याकाळ धरा, पाच ते सातच्या मधली. रविवारी गर्दीचा धक्का लागतो तो नेमका चाप ओढताना, आणि दुकानदारालाही तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ नसतो. नेमाचे खेळ पाळण्यांच्या आधी खेळा. गोल फिरणाऱ्या पाळण्यातून उतरल्यावर पंधरा-वीस मिनिटं डोकं आणि हात जागेवर नसतात.

पैसे देण्याआधी

या दुकानांवर बहुतेकांचे पैसे नेम चुकून जात नाहीत, नियम न विचारल्यामुळे जातात. म्हणून आधी बाजूला उभं राहून तीन-चार गिऱ्हाइकांचा खेळ बघा. रिंगा कशावर अडकून राहतात? छर्रा लागूनही न फुटलेले फुगे कुठल्या रांगेत आहेत? शेवटी कुठला ग्लास उभा राहतो? दुकानदार स्वतः खेळून दाखवतो तेव्हा तो कुठे उभा आहे, हेही बघा. बऱ्याचदा तो दोरीच्या आत, वस्तूच्या जवळजवळ डोक्यावर उभा असतो. त्याला जमलं याचा अर्थ दोरीबाहेरून तुम्हाला जमेल असा होत नाही.

मग विचारा, आणि ते क्यूआर कोडवर मोबाईल धरण्याच्या आधी विचारा. घरी आपण मराठी बोलतो, पण हे संभाषण हिंदीतच होणार, तेव्हा प्रश्न तयार असू द्या: "भैया, रिंग पूरी नीचे बैठनी चाहिए, या सामान पर अटक गई तो भी चलेगी?" "दस में दस फोड़ने पर ही इनाम है, या आठ पर भी कुछ है?" "ग्लास टेबल से नीचे गिरने चाहिए, या लुढ़क गए तो भी चलेंगे?" "रस्सी के आगे झुक सकते हैं?" जरा मोठ्याने विचारा, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या दोघांना उत्तर ऐकू जातं. नंतर वाद होण्याची शक्यता निम्मी होते.

किती खर्च करायचा ते घरून ठरवून निघा आणि ती रक्कम सुट्ट्या नोटांत वेगळ्या खिशात ठेवा. मोबाईलवरून पैसे देताना किती गेले ते कळत नाही. खिसा रिकामा झाला की कळतं. आणि एक हिशोब मनात पक्का असू द्या: बक्षीस म्हणून टांगलेलं अस्वल बाजारात विकत घेणं जवळजवळ नेहमी स्वस्त पडतं. इथे पैसे खेळण्याचे असतात, अस्वलाचे नाहीत.

छर्ऱ्यांची बंदूक

नवख्याने सुरुवात इथूनच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. या खेळात दैवाचा भाग कमी, शिकण्याचा जास्त, आणि दहा-पंधरा छर्ऱ्यांत फरक जाणवतो.

ही हवेची बंदूक. नळी बिजागरीपाशी खाली मोडली की आतली स्प्रिंग दाबली जाते. मग ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा नळीच्या मागच्या तोंडात बसवतात आणि नळी परत सरळ करतात. छर्रा डमरूच्या आकाराचा असतो. भरीव टोक पुढे आणि पोकळ घेर मागे, आपल्या बाजूला, असा तो बसला पाहिजे. घाईत उलटा बसला किंवा त्याचा घेर चेपलेला असला तर हवा बाजूने निसटते, जोर जातो आणि छर्रा भरकटतो. बंदूक बहुधा दुकानदारच भरून देतो. भरताना बघत राहा, त्यात काही वाईट दिसत नाही.

बंदूक हातात आली की पहिली गोष्ट: नळीचं तोंड फुगे लावलेल्या फळ्याकडे ठेवूनच नळी हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. बिजागरीत खेळ जाणवला, नळी डुगडुगली, तर दुसरी मागा. "बंदूक वाकडी ठेवतात" असं सगळे म्हणतात, पण वाकडी बंदूक चालते. ढिली चालत नाही. वाकडी दर वेळी एकाच बाजूला मारते, तेव्हा आपण नेम तेवढा उलट्या बाजूला सरकवू शकतो. ढिली दर वेळी वेगळीकडे मारते, आणि त्यावर कसल्याही नेमबाजाकडे उपाय नाही.

तसं बघितलं तर फुग्यांसाठी वाकडेपणाचा फार बाऊ करायचं कारणच नाही. नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी (नळीच्या टोकावरची बारीक खुंटी) यांच्यात साधारण ४० सेंटिमीटर अंतर असतं. खाच एक मिलिमीटर सरकलेली असली तर ३ मीटरवरच्या फळ्यावर फरक पडतो तो एक सेंटिमीटरहूनही कमी, आणि फुगा असतो १० सेंटिमीटरचा. याउलट चाप ओढताना हिसका बसून नळीचं तोंड एक सेंटिमीटर हललं, तर एक मीटर लांबीच्या बंदुकीत छर्रा फळ्यावर चारेक सेंटिमीटर सरकतो. म्हणजे मधोमध धरलेला नेम फुग्याच्या कडेला जातो. दोष बहुतेक वेळा आपल्या बोटाचा असतो. दोऱ्याला टांगलेलं नाणं किंवा मेणबत्तीची ज्योत असेल तिथे मात्र खाचेचा तो एक मिलिमीटरही भोवतो, म्हणून अशा दुकानावर पहिले दोन छर्रे बंदूक ओळखण्यासाठी गेले असं धरून चाला.

कुठल्या डोळ्याने नेम धरायचा हे आधी ठरवा. दोन्ही हात पुढे ताणून दोन्ही तळव्यांची एक लहानशी खिडकी करा आणि तिच्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबचा खांब बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब खिडकीतच राहतो तो तुमचा नेमाचा डोळा. उजव्या हाताच्या बऱ्याच लोकांचा डावा डोळा निघतो. मग त्यांनी डाव्या खांद्याला दस्ता (बंदुकीचा मागचा, खांद्याला टेकवायचा भाग) लावून बघावा; अवघड वाटतं, पण फुगे फुटतात.

आता कृती. डावा पाय थोडा पुढे, अंग फळ्याला तिरकं. दस्ता खांद्याच्या खोबणीत, गाल दस्त्यावर टेकलेला, आणि तोही दर वेळी त्याच जागी. डाव्या हाताचा तळवा बंदुकीखाली नुसता आधाराला; मूठ घट्ट आवळू नका. स्प्रिंगची बंदूक सुटताना आतल्या आत दोनदा झटकते. ती घट्ट धरली किंवा नळी काउंटरच्या फळीवर दाबून टेकवली तर तो झटका नेम हलवतो. कोपर फळीवर टेकवायला हरकत नाही. खाचेच्या मधोमध माशी, दोघींचे माथे एका रेषेत, आणि त्यावर फुगा. नजर माशीवर ठेवा. फुगा थोडा धूसर दिसला तरी चालेल. श्वास अर्धा सोडून थांबा. बोटाचं पेर नव्हे, पुढची गादी चापावर ठेवून हळूहळू दाब वाढवा. बंदूक सुटेल तेव्हा जरासं दचकायला झालं पाहिजे; कधी सुटणार हे आधीच ठाऊक असेल तर तुम्ही हिसका देताय. सुटल्यावरही एक-दोन सेकंद तसेच राहा. लगेच मान वर काढून "लागला का?" बघायची घाई हेच नवख्यांचं सगळ्यात मोठं नुकसान, कारण ती मान छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच वर यायला लागते.

पहिला छर्रा फुग्यांच्या दाट घोळक्याच्या मध्यावर मारा. कुठलातरी फुटेल, आणि ज्याच्यावर धरला होता तोच फुटला की बाजूचा, यावरून बंदूक कळेल. इतक्या जवळून छर्रा नजरेच्या रेषेपेक्षा एखाद-दोन सेंटिमीटर खाली लागतो, कारण नळी खाच-माशीच्या खाली असते. तेव्हा फुग्याच्या मध्याच्या किंचित वर धरलेलं बरं.

फुगा कुठला निवडायचा? टच्च फुगलेला, चकाकणारा, ज्याचं रबर ताणून पातळ झालंय असा. सुरकुतलेल्या तोंडाचे, मऊ फुगे सोडून द्या. छर्ऱ्याचा जोर कमी असेल तर तो त्यांना ढकलून बाजूला जातो. जानेवारीत इथे याचं एक खास कारण आहे. दुपारी २२ अंशाला भरलेला फुगा रात्री ७ अंशाला आला की आतली हवा सुमारे पाच टक्के आक्रसते, थोडी रबरातून झिरपलेलीही असते. म्हणून रात्री नऊनंतर जुने फुगे मारण्यापेक्षा दुकानदार नवी रांग लावेपर्यंत थांबा. थंडीने बोटंही बधिर होतात. चापाच्या हातातला हातमोजा काढा, दोन मिनिटं हात काखेत धरा, मग बंदूक घ्या. जाड जॅकेटवर दस्ता घसरतो. चेन उघडून तो आतल्या स्वेटरवर टेकवा. मफलरचं टोक मागे टाका.

आता बक्षिसाचं गणित. दहापैकी आठ फुगे फोडणारा माणूस नवखा म्हणायचा नाही. तरीही त्याला "दहात दहा" जमायची शक्यता शंभरात साधारण अकराच. दहापैकी नऊवाल्यालाही पस्तीसच. तोच आठवाला "आठ किंवा जास्त"च्या दुकानावर गेला तर शंभरात अडुसष्ट वेळा काहीतरी घेऊन परततो. त्यामुळे बक्षीस थोडं लहान असलं तरी आठला काही देणारं दुकान शोधा. दहात दहावाल्या दुकानाचा सगळा नफा त्या शेवटच्या दोन फुग्यांत आहे.

सुरक्षिततेचं थोडक्यात पण गंभीरपणे: भरलेली बंदूक कोणाकडे वळवून बोलायचं नाही, फोटोसाठी तर मुळीच नाही. फळ्यामागे पत्रा असेल तर छर्रा उसळून परत येऊ शकतो, म्हणून लहान मुलांना काउंटरला चिकटून किंवा दुकानाच्या बाजूला उभं करू नका. खेळणाऱ्याच्या मागे ठेवा. चष्मा असेल तर काढू नका. आणि छर्रे शिशाचे असतात. ते हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, मगच खजल्याकडे वळायचं. पोरांना छर्रे तोंडात धरायची सवय असते, त्यावर डोळा ठेवा.

रिंग

दिसायला सगळ्यात सोपा, प्रत्यक्षात सगळ्यात खर्चिक. दरीवर किंवा प्लायवर साबण, डबे, खेळणी, घड्याळं मांडलेली असतात. ज्यावर रिंग बसेल ती वस्तू तुमची. "बसेल" म्हणजे वस्तूला पूर्ण वेढून खाली टेकेल. इथेच भूमिती आडवी येते.

समजा साबणाचं खोकं ८ बाय ५ सेंटिमीटरचं आहे. ते बघून वाटतं की १० सेंटिमीटरची रिंग आरामात बसेल. पण रिंगेला पार करायचा असतो तो खोक्याचा कर्ण, आणि तो भरतो जवळजवळ साडेनऊ सेंटिमीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून अर्ध्या सेंटिमीटरची जागा. शिवाय हे रिंग अगदी आडवी उतरली तर. ती ३० अंशांत कललेली असेल तर तिचं तोंड एका बाजूने ८.७ सेंटिमीटरच उरतं आणि खोक्याचा एक कोपरा हमखास अडतो. घड्याळ किंवा मोठी नोट ज्या लाकडी ठोकळ्यावर ठेवलेली असते, तो ठोकळाही रिंगेत आला पाहिजे असा नियम असतो. तिथे फट याहून कमी. दुकानदाराला म्हणा, "एक बार हाथ से डालकर दिखाइए." सरळ वरून सोडली आणि खाली गेली तर ठीक. त्याला ती तिरकी करून, एक बाजू आधी अडकवून, दुसरी दाबून बसवावी लागली तर ती वस्तू विसरा.

निवडायची ती वस्तू बुटकी, गोल किंवा गोलसर, आणि एकटी असावी. शेजारी दुसरी वस्तू चिकटून असेल तर रिंगेची एक कड तिच्यावर टेकून राहते. गोल डबी, पावडरचा छोटा डबा, गोल वडी, काच-गोट्यांची पुडी अशा गोष्टी नवख्याला मिळू शकतात. उंच बाटल्यांवर रिंग अडकते पण खाली जात नाही, किंवा तोंडावर आपटून उडते. आणि खाली काय अंथरलंय ते बघा: दरीवर पडलेली रिंग जागीच थांबते, प्लायवर ती टप्पा घेऊन निघून जाते. कडक प्लॅस्टिकची रिंग जास्त उडते, वेताची किंवा लाकडी कमी.

फेकायची पद्धत अशी: अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, रिंग जमिनीला समांतर. हात कंबरेच्या थोडा वर. मनगटाने अर्धा वळसा देत सोडा, म्हणजे ती स्वतःभोवती फिरत जाईल. फिरणारी रिंग हवेत आडवी राहते. न फिरवलेली डगमगते आणि कडेवर पडते. जोर लावून सरळ रेषेत मारू नका. ती वस्तूच्या अंगावर आपटून घसरते. डोक्याएवढ्या उंचीपर्यंत उचलून टाका, म्हणजे उतरताना जवळजवळ सरळ खाली येईल. झुकायची परवानगी असेल तर दोरीला पायाची बोटं लावून कंबरेतून पुढे वाका; फूट-दीड फूट अंतर सहज कमी होतं. अडवलं तर हुज्जत घालू नका, पण इतरांना झुकू देत असेल तर तुम्हालाही द्यावं लागेल, हे हसत हसत सांगा.

मिळालेल्या सगळ्या रिंगा एकाच वस्तूवर टाका. पाच रिंगा पाच वस्तूंवर टाकणारा प्रत्येक वेळी नव्याने अंदाज बांधतो; एकाच वस्तूवर टाकणाऱ्याची तिसरी-चौथी रिंग खरोखर जवळ जाते.

ग्लास पाडणे

स्टीलचे ग्लास किंवा पत्र्याचे डबे खाली तीन, त्यावर दोन, वर एक असे रचलेले, आणि हातात तीन चेंडू. गल्लीत क्रिकेट खेळलेल्या माणसाला इथे उगीचच आत्मविश्वास येतो. क्रिकेटचा चेंडू १५५ ग्रॅमच्या वर असतो, टेनिसचा ५६ ते ५९. इथला कापडी किंवा प्लॅस्टिकचा चेंडू अनेकदा त्याहूनही हलका. तेव्हा हाताला जे सवयीचं वाटतं ते इथे चालत नाही. चेंडू निवडता येत असेल तर टोपलीतला सगळ्यात जड घ्या.

वरच्या ग्लासावर नेम धरणं ही ठरलेली चूक. तो पडतो, पाच तसेच राहतात. पहिला चेंडू खालच्या रांगेतल्या मधल्या ग्लासाच्या वरच्या कडेवर, म्हणजे जिथे दुसऱ्या रांगेतले दोघे त्याच्यावर टेकलेत तिथे मारा. त्याचा आधार सुटला की वरचे तिन्ही खाली येतात. मग बहुधा डावा-उजवा असा एकेक उभा उरतो आणि हातात दोन चेंडू असतात. त्यासाठी पूर्ण ताकदीची गरज नाही. तीन-चतुर्थांश जोर आणि सरळ हात पुरे. डावा पाय पुढे टाका, कोपर खांद्याच्या उंचीला, आणि चेंडू सुटल्यावर हात लक्ष्याकडेच जाऊ द्या.

दोन गोष्टींनी घोळ होतो. एक, खालचे एक-दोन ग्लास जड असू शकतात: आत वाळू, किंवा जाड बूड. दुकानदार परत रचतो तेव्हा आवाज ऐका. हलका ग्लास टणकन वाजतो, भरलेला ठप्प. जड ग्लास कुठल्या कोपऱ्यात ठेवतो ते लक्षात ठेवून त्याच्यासाठी एक चेंडू राखून ठेवा. दोन, "आडवा झाला पण टेबलावरच राहिला" हा वाद. नियम "खाली पडला पाहिजे" असेल आणि टेबलाला मागे काठ असेल, तर हे दुकान सोडा. अशा टेबलावर लोळलेला ग्लास हलक्या चेंडूने काठावरून पलीकडे जात नाही.

बादली, भाले आणि बाकीचे

तिरक्या बादलीत चेंडू टाकायचा असतो तिथे चेंडू आत जातो आणि बुडावर आपटून बाहेर येतो. बुडावर मारूच नका. हात खालून नेऊन, चेंडू हळू आणि उंच सोडा, म्हणजे तो आतल्या बाजूच्या भिंतीला वरच्या काठाजवळ लागून घरंगळत आत जाईल. दुकानदाराने दाखवलं तेव्हा बादलीत आधीच एखादा चेंडू होता का बघा. आत चेंडू असला की दुसरा त्याच्यावर पडून थांबतो. रिकाम्या बादलीत तसं होत नाही. "वही वाली गेंद अंदर रहने दो" म्हणून बघा, एखादा हो म्हणतोही.

भाला किंवा डार्ट मारून फुगे फोडायच्या खेळात टोकावरून बोट फिरवा. बोथट असेल तर बदलून मागा. सरळ ढकलल्यासारखा फेकू नका. कोपर स्थिर ठेवून मनगटाने, थोडा वरून खाली येईल असा. फुगा निवडायचा नियम छर्ऱ्यांचाच.

पाण्याच्या बादलीच्या तळाशी वाटी आणि वरून नाणं सोडायचं, यात कौशल्य फारसं नाही. नाणं पाण्यात हेलकावे खातच जातं. एवढंच सांगता येतं की तिरक्या नजरेने बघितलं तर वाटी आहे त्यापेक्षा वर आणि सरकलेली दिसते. अगदी डोक्यावरून, सरळ खाली बघून सोडा. एक-दोन नाण्यांची मजा म्हणून ठीक.

काचेच्या पेटीतली पंजा मशीन: पंजाची पकड किती ते मशीनवाला ठरवू शकतो, हे माहीत असू द्या. खेळायचंच असेल तर बक्षीस बाहेर पडायच्या भोकाशी मोकळं पडलेलं बाहुलं बघा, आणि एकाने बाजूच्या काचेतून बघून "अजून मागे, बस" सांगावं. ठोसा मारायच्या मशीनवर मनगट वाकवून मारू नका. दुखणं आठवडाभर पुरतं.

कुठे थांबायचं नाही

चक्री, चिठ्ठ्या, तीन वाट्यांखालची गोटी, सोंगट्यांवर पैसे लावणं, हे नेमाचे खेळ नाहीत. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदाही निव्वळ कौशल्याचे खेळ वेगळे काढतो, आणि हे त्यात बसत नाहीत. ओळखायची खूण सोपी: तुम्ही जवळ जाताच कोणीतरी मोठी रक्कम जिंकतो आणि ती सगळ्यांना दाखवतो. वाट्यांखालच्या गोटीत तर तुमची नजर कितीही तेज असली तरी गोटी हातातच राहिलेली असते.

नेमाच्या दुकानांवरही एक चाल सांभाळा. लहान बक्षीस जिंकलं की दुकानदार म्हणतो, "ये वापस कर दो, एक बार और खेलो, बड़ा ले जाना." लहान बक्षीस घ्या, पिशवीत टाका, मग खेळायचं तर नव्याने पैसे देऊन खेळा. बॅटरीवरचं खेळणं असेल तर तिथल्या तिथे चालवून बघा. मोठं बाहुलं जिंकलंच तर ते घेऊन आकाशपाळण्यात चढू देत नाहीत, म्हणून एक माणूस खाली ठेवावा लागतो.

पोरं बरोबर असतील तर

प्रत्येकाच्या हातात त्याचे पैसे मोजून द्या आणि कुठे घालवायचे ते त्यालाच ठरवू द्या. काकाने एकाला जास्त खेळवलं की घरी पोचेपर्यंत रडारड. सात-आठ वर्षांखालच्यांना बादलीचा खेळ बरा. बंदूक स्वतःच्या हाताने खांद्यापर्यंत उचलता येत नाही तोवर देऊ नका. मोठ्याने मागून धरून मारलेला छर्रा कोणाचाच नसतो. आजी-आजोबांना खुर्ची मिळेल अशा ठिकाणी सॉफ्टी घेऊन बसवा आणि भेटायची जागा ठरवा. गर्दीत फोन लागेलच याचा भरवसा धरू नका.

घरी सराव

मेळ्याला जायच्या आठवडाभर आधी रिंगेचा सराव घरी फुकट होतो. भरतकामाची चार इंची लाकडी रिंग घ्या. तिच्या दोन कड्यांपैकी आतलं, स्क्रू नसलेलं कडं वापरायचं. बाहेरच्याला स्क्रूमुळे एका बाजूला वजन येतं आणि ते हवेत डगमगतं. आतून मोजून घ्या, दहा सेंटिमीटरच्या आसपास भरेल. सतरंजीवर एक पावडरचा छोटा डबा आणि त्यापासून हातभर अंतरावर एक साबणाचं खोकं ठेवा. सहा फुटांवर दोरा आखा. आधी पंचवीस रिंगा डब्यावर, मग पंचवीस खोक्यावर टाका आणि किती बसल्या ते कागदावर लिहा. डब्यावर पंचविसात तीनही बसत नसतील तर पाच फुटांवर या, मनगटाचा वळसा नीट करा, मग परत मागे जा. खोक्यावर किती बसल्या तो आकडा बघून मेळ्यातल्या साबणांवर पैसे लावायचे की नाही ते ठरवता येतं.

बंदुकीच्या सरावासाठी बंदूक लागत नाही. भिंतीवर टिकली लावा, झाडूचा दांडा खांद्याला टेकवा, गाल त्याच्यावर ठेवा, श्वास अर्धा सोडा आणि दांड्याचं टोक टिकलीवर पाच सेकंद स्थिर धरून बोट हळू आवळायचा सराव करा. टोक बोटाबरोबर हलतंय का ते दुसऱ्या कोणीतरी बाजूने बघावं. आपल्या आपल्याला ते दिसत नाही.